सतरा नंबरच्या खाली

प्रिय सूनबाई,

'सूनबाई' म्हटलेलं तुला आवडत नाही, ठाऊक आहे मला. पण नावाने हाक मारायचा हक्क मी चौदा महिन्यांपूर्वी स्वतःच घालवला, आणि 'बाळा', 'सोन्या' असलं काही माझ्या तोंडात कधी बसलं नाही. तेव्हा तूर्त हेच चालवून घे. मी बरी आहे. घर बरं आहे. खालच्या मजल्यावरच्यांनी जिन्यात नवा दिवा लावलाय, तो बरोबर त्यांच्याच दारापुरता उजेड देतो. बाकी इकडे सांगण्यासारखं काही घडत नाही.

परवा चिरंजीवांचा फोन आला होता. त्याचं नेहमीचंच, जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, हवा कशी आहे. हे तिन्ही प्रश्न संपले की तो गप्प होतो आणि मग ती शांतता भरून काढायला काहीतरी बोलून जातो. या वेळी बोलून गेला की जुनी गेमची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या त्या मोठ्या वर्कशॉपने तुला नाही म्हटलं. चाचणीत तुझा हात सगळ्यांत चांगला होता, तिथल्या बाईंनी तसं तोंडावर सांगितलंही, आणि दोनच दिवसांनी कुणीतरी त्यांना संग्राहकांच्या ग्रुपवरची दातवाल्या डॉक्टरांची ती जुनी पोस्ट दाखवली. मग त्या म्हणाल्या, जिच्या हातून असं यंत्र गेलं तिच्यापुढे लोकांची यंत्रं कशी ठेवायची? महिन्याअखेर पुन्हा माणसं घेणार आहेत, पण तू अर्ज करणार नाहीस म्हणे. तू सध्या औषधांच्या गोदामात खोक्यांना लेबलं चिकटवतेस हेही त्याच फोनमध्ये कळलं. मी आपली समजत होते, तू घरी कामं घेत असशील. फोन ठेवला आणि भांडी घासायला घेतली. काही वाटलं नाही. मी वाट पाहत होते, आता वाटेल, मग वाटेल. भांडी संपली.

हे असंच चाललंय हल्ली. तुम्ही दोघं सामान घेऊन गेलात तेव्हाही मी गॅलरीत उभी राहून टेम्पोचा नंबर वाचत होते. रडायला यायला हवं होतं. मला टेम्पोचा नंबर अजून पाठ आहे.

तू आमच्या घरात आलीस तेव्हा मागच्या खोलीत काय चालतं हे तुला कुणी सांगितलं नव्हतं. लेकाने तुला सांगितलं होतं, आई निवृत्त आहे, घरी काहीबाही करत असते. काहीबाही! टीव्हीच्या कारखान्यात एकतीस वर्षं मी बोर्डावर सोल्डर लावलं. लांबच लांब टेबल, दोन्ही बाजूंना आम्ही बायका, समोरून बोर्ड सरकत जायचे. सोल्डरच्या एकेका ठिपक्याला आम्ही टाका म्हणायचो. प्रत्येकीला नंबर होता आणि आपला बोर्ड झाला की कोपऱ्यात पेन्सिलीने तो घालायचा, म्हणजे बिघाड निघाला की कुणाचा कान धरायचा ते कळावं. मी सतरा नंबर. एकतीस वर्षांत सतरा नंबरचा बोर्ड परत आला नाही. हे मी तुला किती वेळा ऐकवलं असेल याचा हिशेब तूच ठेवला असशील. कारखाना बंद पडला, तुझे सासरे गेले, आणि मग शेजारच्या कुणाच्या तरी मुलाचं जुनं गेमचं यंत्र नव्या टीव्हीवर दिसेना म्हणून माझ्याकडे आलं. तिथून हा धंदा लागला.

पहिल्या आठवड्यात तू दारात उभी राहून पाहत होतीस. मी म्हटलं, बघायचं असेल तर भिंगातून बघ, दारातून काय दिसणार? तू बसलीस ती बसलीसच. मी तुला सांगितलं, ही यंत्रं काचेच्या ढबूल टीव्हीसाठी बनलेली. आताच्या चपट्या टीव्हीला जोडली की चित्र फिकं पडतं, कडा पसरतात, लाल रंग तर शेजाऱ्याच्या अंगणात सांडतो. बटण दाबलं की पडद्यावरचा माणूस जरा विचार करून मग उडी मारतो. आपण काय करायचं, तर यंत्राच्या पोटातली चित्र काढणारी चिप उचलायची, तिच्याखाली आपली छोटी पट्टी बसवायची, आणि रंग एकमेकांत मिसळायच्या आधीच चिपच्या पायांवरून उचलून सरळ नव्या टीव्हीच्या हवाली करायचे. तू सगळं ऐकून घेतलंस आणि विचारलंस, आई, तुम्ही यातला कुठला गेम खेळता? मी म्हटलं, एकही नाही. तू इतकी हसलीस की भिंगावर वाफ धरली.

खरंच, पन्नासएक यंत्रं तोवर माझ्या हाताखालून गेली होती आणि प्रत्येक खेळाचं फक्त पहिलं चित्र मी पाहिलेलं. तू आलीस आणि तपासणी तुझ्याकडे गेली. तू खुर्चीवर मांडी घालून खेळायचीस आणि मी आमच्या कामातले दोष शोधायचं सोडून तू कुठे पोचलीस तेच बघत बसायचे. तो धबधबा आठवतो? गिऱ्हाईक तणतणत आलं होतं की तुम्ही माझा धबधबा बिघडवला, आधी पाणी आरपार दिसायचं, आता नुसते उभे गज दिसतात. मी घाबरले. तू त्याला बसवून समजावलंस, की काढणाऱ्याने गजच काढले होते, जुना टीव्ही ते पुसट करायचा आणि आपल्याला पाणी वाटायचं. आता टीव्ही काही लपवत नाही. तो माणूस म्हणाला, मग मला पूर्वीचंच द्या. आपण यंत्रात एक खटका बसवून दिला, पुसट हवं तेव्हा पुसट. त्या दिवशी मी तुझ्या सासऱ्यांच्या फोटोपुढे उभी राहून म्हटलं होतं, लेकाने आयुष्यात एक काम धड केलं. तुला हे आज पहिल्यांदा सांगते आहे. तोंडावर तुला सांगितलं असतं तर काय माझी जीभ झिजली असती? पण नाही सांगितलं.

तुझा हात बसला तो दोन वर्षांत. मला सहा लागली होती. तू एकदा विचारलंस, आई, मी कोणता नंबर घालू? मी म्हटलं, आधी हात बसू दे. तो बसलेला होता, मी रोज भिंगातून पाहत होते. पण मी सासू पडले. तू मग पुन्हा कधी विचारलं नाहीस आणि आपल्या घरातून जाणाऱ्या प्रत्येक यंत्रात, काम कुणी का केलेलं असेना, मी सतराच घालत राहिले. सोल्डर मात्र तू वेगळं आणलंस. माझं कारखान्यातलं, शिसं घातलेलं, त्याचा टाका आरशासारखा चकाकतो. तुला मूल हवं होतं, तू शिसं नको म्हणालीस आणि बिनशिशाचं वापरायला लागलीस. त्याचा टाका मळकट दिसतो, राख फासल्यासारखा. मी नाक मुरडलं. हे सोल्डरचं पुराण का लावलंय ते पुढे कळेल.

आता तो दिवस. टाळत होते, पण किती टाळणार?

दातवाले डॉक्टर त्यांचं यंत्र घेऊन स्वतः आले होते. तसलं यंत्र फार थोडं बनलं, पहिल्याच खेपेचं, आणि त्यांनी ते लहानपणापासून जपलेलं. ते बाहेरच्या खोलीत बसले, आपण मागच्या. त्यांना मी फुशारकीने सांगितलं होतं की चाळीस पायांची चिप उचलताना डोळ्यांचं काम नाही, बोटांचं आहे. सोल्डर शोषून काढलं की चिप दोन बोटांत धरून हलकेच हलवायची. सगळे पाय मोकळे असतील तर ती दुधाच्या दातासारखी डुलते. एक जरी पाय धरलेला असला तरी बोटांना कळतं. न कळता ओढली तर बोर्डावरचं तांबं सोलून येतं, नाहीतर पाय मुळापासून तुटतो, आणि ती चिप आता जगात कुठे विकत मिळत नाही. डॉक्टर खूश झाले, म्हणाले, म्हणजे तुम्ही आमच्याच धंद्यातल्या.

सोल्डर शोषायचं काम तू केलंस. चिप मी ओढली. दोन पाय मुळापासून तुटले आणि बोर्डाची पाच ठिकाणी सालं निघाली. आवाज ऐकून डॉक्टर आत आले. मी त्यांना म्हटलं, पाय मोकळे झाले म्हणून हिने सांगितलं, म्हणून मी ओढली. तू माझ्याकडे पाहिलंस. एकदाच म्हणालीस, मी थांबा म्हटलं होतं. मी म्हटलं, मला काही ऐकू आलं नाही. मग तू त्यांच्या चहाचा कप उचललास आणि आत गेलीस. संध्याकाळी चिरंजीवांनी मधला मार्ग काढला, की धूर ओढणारा पंखा चालू होता, आईला ऐकू आलं नसेल, कुणाचंच चुकलं नाही. मी तो मार्ग धरला. तूही धरलास, पण डॉक्टरांची पोस्ट तोवर सगळीकडे फिरली होती, तिच्यात पंखा नव्हता, तू होतीस. दोन महिन्यांनी तुम्ही गेलात. मला वाटत राहिलं, तू पाय नीट मोकळे करायला हवे होतेस. लेकी बोले सुने लागे म्हणतात, मी तर सरळ सुनेलाच बोलले आणि वर स्वतःला शहाणी समजत राहिले.

तू गेल्यावर काम थांबलं नाही. डॉक्टरांच्या पोस्टमध्ये मी बिचारी म्हातारी होते ना, मला उलट जास्त कामं आली. तपासणीला मीच. आपण मारे चित्र लख्ख करतो आणि त्या लख्ख चित्रात माझा माणूस पहिल्याच खड्ड्यात पडून मरतो. रोज. वेगवेगळ्या खेळांत, वेगवेगळ्या खड्ड्यांत. मी दोन्ही अंगठे एकदम दाबते बहुतेक. यावर कधीतरी हसू यायला हवं होतं.

मग यंत्रं परत यायला लागली. पहिलं आलं, मी म्हटलं, वाटेत हादरलं असेल. दुसरं आलं, गिऱ्हाइकाने आपटलं असेल. तिसऱ्याच्या वेळी सोल्डर हल्ली चांगलं मिळत नाही. नाचता येईना अंगण वाकडं. सहाव्या यंत्राला भिंगाखाली घेतलं तर माझे चकचकीत टाके वरून देखणे आणि खालून सुटलेले, सोल्डर वितळलेलं पण पायाला धरलेलं नाही. असा टाका नवशिकी बाई पहिल्या आठवड्यात घालते. लेकाच्या हट्टामुळे डॉक्टरकडे गेले, दातांच्या नव्हे, नसांच्या. त्याने डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाला, बोटाला सुई टोचली की सांगा. मी डोळे मिटून बसले. बराच वेळ झाला म्हणून म्हटलं, करा सुरू. तो म्हणाला, झालं. डोळे उघडले तर दहाही बोटांवर बारीक लाल ठिपके. छान ओळीत टोचले होते त्याने. बाहेर येऊन मी केळी घेतली आणि घरी आले. आताही पेन बोटांत आहे की नाही ते मला बघावं लागतं, म्हणून अक्षर मधेच ओळ सोडतं, सांभाळून घे.

आणि गेल्या महिन्यात, लेकाच्या त्या फोनच्या आधी, एक जुनं गिऱ्हाईक यंत्र घेऊन आलं. बिघाड काही नव्हता, त्याला आतली पट्टी बदलून नवी हवी होती. झाकण उघडलं. कोपऱ्यात सतरा, तारीख तीन वर्षांपूर्वीची. हे काम मी एकटीने केलं होतं, मला पक्कं आठवतं, कारण तुला त्या आठवड्यात ताप होता, तू उठलीस ती फक्त शेवटच्या तपासणीला. भिंग ओढलं आणि पाहिलं तर अठ्ठेचाळीस टाक्यांमधले एकतीस मळकट. राख फासलेले. तुझ्या सोल्डरचे.

आधी राग आला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आलं आणि तो राग होता. माझ्या कामात हात घातला हिने! मग मी खुर्चीवर बसले. ओळखीच्या दोघातिघांना फोन करून जुनी यंत्रं परत मागवली, फुकट साफ करून देते म्हटलं. चार आली. चारही सतरा नंबरची, चारही माझ्या एकटीच्या हातची, आणि प्रत्येकात मळकट टाके. जितकं यंत्र अलीकडचं तितके जास्त. शेवटच्या वर्षातल्या यंत्रात माझा टाका मला शोधावा लागला. काय काम केलंयस ग! माझा खराब टाका पूर्ण शोषून काढून, भोक स्वच्छ करून, पुन्हा घातलेला, आजूबाजूला एक ओरखडा नाही. मी दुपारी जेवून लवंडायचे तेव्हा तू करत असणार. मी चारला उठून चहा मागायचे आणि तू म्हणायचीस, तपासलं आई, चित्र उत्तम आहे. खोटं नव्हतं ते. चित्र उत्तमच होतं.

म्हणजे माझी बोटं गेलीत हे तुला ती जाण्याच्या सुरुवातीपासून ठाऊक होतं. तू ना नवऱ्याला सांगितलंस ना मला. सतरा नंबरचा बोर्ड परत येत नाही हे मी लोकांना सांगत राहिले आणि तू तो परत येऊ दिला नाहीस. आणि ज्या दिवशी फक्त एक वाक्य खरं बोलायचं होतं त्या दिवशी मी काय केलं?

मागच्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेले, दातांच्या. त्यांच्या त्या पाठीमागे कलणाऱ्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसून सांगितलं की माझ्या बोटांना कळत नव्हतं, सुनेने थांबा म्हटलं होतं, मला ऐकू आलं नाही, तिचा दोष नाही. माणूस चांगला आहे. त्यांनी माझा हात हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, या बोटांनी मी दात काढायची हिंमत केली नसती. त्यांनी त्याच दिवशी ग्रुपवर लिहिलं, की पूर्वीच्या पोस्टबाबत खुलासा, दोघींच्या बोलण्यात गोंधळ झाला होता, कुणा एकीला दोष देता येणार नाही. मी चष्मा लावून ते चार वेळा वाचलं. खाली लोकांनी लिहिलं होतं, की तरी सुनेने मोठ्याने सांगायला हवं होतं. एकाने लिहिलं, म्हातारीने सुनेला पदराखाली घेतलं, मोठ्या मनाची बाई आहे. म्हणजे अर्धं खरं सांगून मी आणखी मोठी झाले आणि तू होतीस तिथेच. आणि मी ते पुसायला सांगितलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

तर आता उरलेलं अर्धं. त्या दिवशी मी चिप बोटांत धरली तेव्हा तू म्हणालीस, आई, थांबा, मागच्या रांगेतले दोन पाय अजून धरलेत. मी ऐकलं. शब्दन् शब्द ऐकला. त्याआधी तीन महिने एकदा सोल्डरचं तापलेलं आयर्न माझ्या बोटाला टेकून राहिलं होतं आणि मला ते वासावरून कळलं होतं. तेव्हा बोटं गेलीत हे मला सुईवाल्या डॉक्टरने सांगायची गरज नव्हती, ठाऊकच होतं. पण दातवाल्या डॉक्टरांनी नुकतंच बाहेरून विचारलं होतं, काय, डुलते का चिप? आणि मला 'डुलते' असं म्हणायचं होतं. तू थांबा म्हणतेस म्हणजे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, हे मला त्यांच्यासमोर नको होतं. म्हणून ओढली. मग घाबरून तुझ्यावर ढकललं आणि तू गप्प राहिलीस म्हणून ते तसंच राहू दिलं, चौदा महिने. हे पत्र जपून ठेवायला लिहिलेलं नाही. वर्कशॉपच्या त्या बाईंपुढे ठेव, ग्रुपवर जसंच्या तसं टाक, डॉक्टरांना मी प्रत पाठवतेच आहे. माझ्या बोटांचं, परत आलेल्या यंत्रांचं, तुझ्या मळकट टाक्यांचं इतकं बारीकसारीक लिहिलं ते याचसाठी, की हे आईने मायेपोटी लिहिलंय असं कुणाला म्हणता येऊ नये. पाचही यंत्रं कपाटात आहेत, कुणाला भिंगातून बघायची असतील तर येऊ देत. मला उत्तर नको, माफीही मागत नाही, मागितली तर तुला द्यावी लागेल. अर्ज मात्र महिनाअखेरीच्या आत कर.

तुझीच,
आई

(ही सही माझीच आहे, वाकडी आली आहे, पण शुद्धीवर राहून केली आहे.)